जमनाच्या गाण्याची शेवटची ओळ

गाणं दिलं त्या दिवशी ओट्यावर पाच माणसं होती. आमच्या सासूबाई, माझी जेठानी म्हणजे थोरली जाऊ जमना, नंदुरबारच्या बॅण्डमधला गाणारा रतन मास्तर, त्याच्यासोबत क्लॅरनेट वाजवणारे हुसेनचाचा, आणि मी. सासूबाई गेल्या, चाचा गेले, मास्तर गेला. जमनाला जाऊन सव्वा महिना झाला. आता त्या ओट्यावरची मी एकटी उरली, म्हणून सांगते. नात लिहून घेते आहे.

जमनाच्या गंधमुक्तीच्या दिवशी सुतक फिटल्याची जेवणं उरकून बाया बसल्या होत्या. मी म्हटलं, लग्नात बॅण्डवाले ते निंदणीचं गाणं वाजवतात ना, ते आमच्या जमनानं बनवलेलं आहे. तर तिच्याच नातसुनेनं मोबाइलवर ते गाणं लावलं आणि शेवटची ओळ माझ्या कानाला लावली. "आयका आजी, नाव येस ना त्यामा. रतन सांगस. मंग आपली आजीनं कसं व्हई?" बाया हसल्या. वाईट मनानं नाही हसल्या. पण त्या दिवसापासून मला माझाच राग येतो, आणि तो उतरत नाही.

जमना माझ्याआधी चार वर्षं या घरात आली. तापीकाठचं गाव आमचं. जेठ केळीच्या गाडीवरून पडले आणि कमरेपासून लुळे झाले, तेव्हा तिचं वय वीससुद्धा नसेल. दोन लेकरं पदरात, नवरा खाटेवर. त्याला धुवायचं, भरवायचं, कूस बदलून द्यायची आणि मग दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायचं. रडताना मी तिला पाहिलं नाही. पात, म्हणजे निंदायचा पट्टा, धरली की ती गाणं धरायची. एक ओळ तिची, मागून आम्ही सगळ्या. विळा चालतो तशी चाल. ऊन डोक्यावर कधी आलं ते कळायचं नाही.

आमच्याकडे हळदीच्या गाण्यांची एक रीत आहे. शेवटच्या ओळीत नावाची जागा मोकळी ठेवायची. ज्याच्या घरी लग्न त्याचं नाव त्या जागी घालून गायचं. गाणं कोणी बनवलं ते कोणी विचारत नाही. जमनानं मात्र निंदणीच्या गाण्यात स्वतःचं नाव घातलं...

उन तपनं, वावर तपनं, पाय मन्हा भाजनात
सावली मांगू कोनले बाई, झाडं बी लाजनात
जमना सांगस, चाल वं बाई, आखो एक पात ऱ्हायनी

सासूबाई म्हणायच्या, "गानामा नाव घालाले तू काय संत शे का वं?" जमना म्हणायची, "संतले आठ दिन निंदाले धाडा, मंग देखू कोन संत शे ते." सासूबाई तोंड फिरवून हसायच्या.

गावात एका लग्नाला बॅण्ड आला तेव्हा बायांनी लग्नघरच्या माणसाचं नाव घालून ते गाणं म्हटलं, रतन मास्तरनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी घर विचारत आला. मुंबईला रेकॉर्ड भरायला त्याला बोलावणं होतं आणि त्याच्याकडे नवं गाणं नव्हतं. खाली मान घालून म्हणाला, "बहीन, माले आवाज शे, पन गानं सुचत नही." जमनाला ते आवडलं. म्हणाली, "लई जा भाऊ. मी कोठे मुंबईले जाई ऱ्हायनू. पन शेवटनी ओळ मोडू नको." चाचा म्हणाले, "बेटी, तुम्हारा नाम मुंबई तक बजेगा."

लिहून द्यायचं माझ्याकडे आलं. मी तिसरीपर्यंत गेलेली, जमना शाळेची पायरी चढलेली नाही. ती सांगत गेली, मी लिहीत गेली. शेवटची ओळ आली आणि आतून जेठांनी हाक मारली, तशी ती उठली. मी लिहिलं, 'सांगस, चाल वं बाई', आणि नावाच्या जागी आडवी रेघ ओढली. माझ्या आईच्या वहीत हळदीची सगळी गाणी तशीच लिहिलेली, हाताला तीच सवय. आणि समोर सासूबाई बसलेल्या, घरच्या सुनेचं नाव परक्या माणसाच्या हातात कसं द्यायचं, असंही मनात आलं. सवय जास्त की भीती, ते मला आजही ठरवता येत नाही.

पुढच्या साली खापर गावाच्या बाजारात मिरच्या घेऊन बसलो होतो. समोरच्या हॉटेलात फोनो वाजायचा. एकदम आमचं गाणं लागलं. जमना टोपलीवरचा हात काढून उभी राहिली. शेवटची ओळ आली, रतन सांगस. हॉटेलवाला म्हणाला, "काय बाई, आवडनं का? मोठा मानूस शे बनाडनारा." ती म्हणाली, "गानं चांगलं शे." खाली बसली आणि गिऱ्हाइकाला मिरच्या मोजून दिल्या. घरी येताना एवढंच बोलली, "माले बहीन म्हनं त्यानी." मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.

पुढे दोन सालांनी मास्तर परत आला. जमना वावरात होती, दारात मी. दुसरी रेकॉर्ड भरायची म्हणाला, आणखी गाणी पाहिजेत. मी म्हटलं, "तिन्हं नाव काबर काढं?" तो म्हणाला, "तुम्हीच तर जागा मोकळी सोडेल व्हती, वहिनी. माले वाटनं, गानं गावाऱ्यानं नाव घालानं. आते बाईनं नाव घालसू. त्यास्ले बलावा." तिला बोलावलं असतं तर माझी रेघ उघडी पडली असती. मी म्हटलं, "ती तुम्हनं तोंड देखाव नही. येऊ नका." तो गेला. नंतर त्याच्या रेकॉर्डी निघाल्या, दुसऱ्यांच्या गाण्यांच्या. जमनाला वाटायचं, पुन्हा तोंड दाखवायची त्याला लाज वाटली. तिनं ते गाणं परत कधी म्हटलं नाही. नवीन बनवलेली वावरातच राहिली, ज्या बायांनी म्हटली त्यांच्यासोबत गेली.

शेवटच्या आजारात मी तिच्याजवळ बसली आणि मनाशी ठरवून बोलायला लागली. "जमना, ते गानं मी लिखं ना, त्यामा..." तिनं माझा हात धरला. म्हणाली, "तू बरोबर लिखं व्हतं वं. मी दारमाईन देखं. मन्हा नावनी लांब रेघ ओढी तू. माले वाचता येत नही, पन मन्हं नाव कसं दिसस ते मी त्या दिन देखी लिन्हं. त्यानीच मोडं."

साठ साल ती रेघ म्हणजे आपलं नाव असं तिला वाटत होतं. मी तिला पाणी पाजलं, पांघरूण सारखं केलं, माझ्या वाटणीच्या घरात आली. चार दिवसांनी ती गेली.

मास्तरला लोक चोर म्हणतील म्हणून हेही सांगते, तो चोर नव्हता. जागा मी सोडली होती.

आता रेकॉर्ड बदलत नाही, मोबाइलही माझं ऐकत नाही. पण तुमच्या घरी लग्न असलं आणि बायांनी हे गाणं धरलं, तर शेवटच्या ओळीत जमनाचं नाव घ्या.