मुक्ताची शुगर, ईशानची परीक्षा

उरलेली भाजी वाटीत काढून फ्रिजमध्ये ठेवावी, आणि आठवड्याने बघावं तर फ्रिज वाट्यांनी भरलेला! किस्स्यांचंही तसंच. मला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे माझ्या सगळ्या वाट्या डोक्यात. सुनेच्या बाळंतपणाच्या तर इतक्या साठल्यात की काही बाहेर काढल्याच पाहिजेत.

*

मुक्ताला, म्हणजे माझ्या सुनेला, सहाव्या महिन्यात शुगर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरोदरपणातली आहे, बहुतेक नंतर जाईल. पण आत्ता सांभाळा. शुगर फार चढली तर बाळाच्या स्मरणशक्तीवर थोडा परिणाम होऊ शकतो. होतोच असं नाही."

शेवटचं वाक्य मुक्ताने ऐकलंच नाही.

माझा मुलगा संदीप मात्र बाणेदारपणे म्हणाला, "तू एकटी नाहीस. आजपासून मीही साखर सोडली!"

बाळ होईपर्यंत मुक्ताचं वजन डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच वाढलं. संदीपला नव्या पँट शिवाव्या लागल्या. "टेन्शन," म्हणाला.

*

आमच्या बिबवेवाडीच्या शेजारीण गुजर वहिनी. म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई हे शुगरबिगर."

"होतं हो. तपासत नव्हते," मी म्हटलं.

"मग आमची मुलं कशी हुशार निघाली?"

त्यांचा थोरला तेव्हा खाली पार्किंगमध्ये फिरत होता. स्कूटर कुठे लावली ते आठवत नव्हतं.

*

डोहाळजेवणाला दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मुक्ताला दोन्ही बंद. मी मार्केट यार्डातून काकडी आणि गाजरं आणली, एकेक वाटीत घालून झाकली. मुक्ताने झाकण उचललं. काकडी!

टाळ्या वाजल्या.

"काकडी म्हणजे काय हो?" गुजर वहिनींनी विचारलं.

ते ठरवायचंच राहिलं होतं!

"कोशिंबीर," मुक्ता म्हणाली.

*

ईशान झाला. शुगर गेली, मुक्ताची काळजी काही जाईना. पोराने मान धरल्यापासून परीक्षा सुरू! पंखा कुठे? आजी कुठे? एकदा खुळखुळा पलंगाखाली गेला, ईशानने शोधला नाही, तर ही जेवलीच नाही.

मी म्हटलं, "अगं, मोबाइल हातात धरून तू मोबाइल शोधतेस. तुझ्या आईला होती का शुगर?"

हसली. मग हळूच म्हणाली, "आई, माझ्यामुळे याला काही झालं असेल तर?"

मी ईशानला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.

*

वर्षाचा झाल्यावर दवाखान्यात त्याची तपासणी ठेवली. तिथेही दोन वाट्या! तपासणाऱ्या मॅडमनी त्याच्यादेखत एकीखाली चेंडू लपवला, थोडा वेळ त्याला खेळवलं आणि विचारलं, "चेंडू कुठे?"

ईशानने दुसरी वाटी उचलली आणि चावली.

पुन्हा लपवला. या वेळी तो छताकडे बघत बसला.

मुक्ताचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, माझ्या शुगरमुळे का?"

"अहो, एवढ्यावरून काही ठरत नाही. चेंडू आवडत नसेल त्याला."

तेवढ्यात ईशान रांगत निघाला. संदीपची ऑफिसची बॅग खुर्चीखाली होती. मोठा कप्पा त्याने सोडला, मधला सोडला. मागच्या छोट्या कप्प्याची चेन अर्धी उघडी होती, त्यात हात घातला. रुमाल बाहेर फेकला. मग पेढ्यांचा पुडा ओढून काढला, एक पेढा उचलला आणि रोजचं काम असल्यासारखा बाबाच्या तोंडापुढे धरला.

"आ!"

संदीपने सवयीने तोंड उघडलं.

मुक्ता हसत होती आणि डोळे पुसत होती. म्हणाली, "मॅडम, याचं झालं. आता यांना घ्या तपासायला. साखर सोडल्याचं आठवतंय का, एवढंच विचारा!"