दुसरा पाय

माझे सासरे माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. उर्मटपणा नाही हो तो, सवय आहे. सदतीस वर्षं बुटांच्या दुकानात बुटक्या स्टुलावर बसून लोकांच्या पायात बूट चढवणारा माणूस वर कशाला बघेल? लग्न ठरत होतं तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या पायांवर एक नजर टाकली आणि म्हणाले, "पाच नंबर. डावा नखभर रुंद." माझं डोकंच फिरलं. शिक्षण विचारा, नोकरी विचारा, हे काय भलतंच! सासूबाई हसून म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस गं, मला पहिल्या भेटीत 'चार' म्हणाले होते." तेव्हापासून घरात मी पाच नंबर. लाडाने हाक मारायची झाली तरी तीच आणि रागाने मारायची झाली तरी तीच. अर्थात रागावणं त्यांना जमत नाही. ते खातं माझ्याकडे आहे.

दिवस राहिले तसे सल्ले सुरू झाले. मी शाळेत शिकवते. शिक्षकांच्या खोलीत बारा बायका, प्रत्येकीला किमान एक मूल, म्हणजे सल्ल्यांना काय तोटा! कुशीवर झोप, गुडघ्यांत उशी घे, वाकू नकोस, पाणी पी, इतकं पिऊ नकोस. मला सल्ल्यांचा मनापासून तिटकारा. त्यात मुळात मी घाबरट. कुणी काही सांगितलं की ते न केल्याने काय होईल याचंच चित्र आधी डोळ्यांपुढे उभं राहायचं. सकाळी बाळ हललं नाही तर मी पोटावर हात ठेवून दहा मिनिटं श्वास धरून बसायचे. हललं की त्याच्यावरच चिडायचे.

बाबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, सल्ले मात्र घोट्याच्या वर कधी गेले नाहीत. आणि तेही मला थेट नाही, वर्तमानपत्राला उद्देशून. "बूट संध्याकाळी घ्यावेत. दिवसभरात पाय फुगलेला असतो, तोच खरा नंबर." पान उलटायचं. "एका जागी तासभर बसलं की घोटे गोल फिरवावेत. गिऱ्हाईक बायका सांगतात, बरं वाटतं." मग एक दिवस दाराशी बुटांच्या मांडणीजवळ उंच स्टूल आलं, मला न वाकता बसून बूट घालता यावेत म्हणून. त्याच्या शेजारी खिळ्याला हातभर लांबीचा बूट चढवायचा चमचा. सातव्या महिन्यात माझे जुने बूट चावायला लागले, तेव्हा बिनलेसचे, एक नंबर मोठे बूट माझ्या टेबलाखाली आपोआप उगवले. मी ते घातले, आभार मात्र मानले नाहीत. पण सगळ्या सल्ल्यांत खरा उपयोग त्या स्टुलाचाच झाला, हे मी आज कबूल करते.

त्यांच्या धंद्यातला एक नियम घरात सगळ्यांना पाठ आहे. गिऱ्हाईक एकच बूट घालून "बसतो, बांधून द्या" म्हणालं की बाबा खोका बंद करत नाहीत. "दुसरा पाय द्या," म्हणतात. गिऱ्हाईक वैतागतं, घाई असल्याचं सांगतं, पण बाबा स्टुलावरून उठत नाहीत. दोन पाय सारखे आहेत असं कुणी गृहीत धरलं की त्यांना अगदी राहवत नाही.

बाळ ऑपरेशनने झालं. मुलगी. जन्मल्यावर तिला नीट श्वास घेता येईना म्हणून दोन दिवस वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं, आणि मी खालच्या मजल्यावर छताकडे बघत पडले होते. त्या दोन दिवसांत मला ती दोनदा दिसली. तेव्हा मी मनाशी पक्कं ठरवलं, एकदा हिला घेऊन घरी गेले की या इमारतीत पुन्हा पाऊल टाकणार नाही.

घरी आले आणि बाळाला चिकटून बसले. डॉक्टरीण बाईंनी बजावलं होतं, "रोज थोडं थोडं चालायचं, पडून राहायचं नाही." पण टाके ओढायचे, आणि पाठ वळली की हिचा श्वास थांबेल असं मला वाटायचं. हसा खुशाल. मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचे. तहान लागली तरी उठायचे नाही. सासूबाई म्हणायच्या, "ती झोपली की तूही झोप." झोपेन कशी? नवरा म्हणाला, "अगं, मी बघतो ना तिच्याकडे," तर मी त्याच्यावरच खेकसले.

सातव्या दिवशी बाबांनी माझ्यासाठी पट्ट्याच्या मऊ चपला आणल्या. चिकटणारा पट्टा, पाहिजे तेवढा सैल करता येईल असा. मी बाळाला पाजत होते, म्हणून ते खोलीबाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि सासूबाईंनी चपला आत सरकवल्या. "घालून बघ," भिंतीला उद्देशून बाबा म्हणाले. मी उजवा पाय सरकवला. "बसली बाबा, छान बसली."

मग ते म्हणाले, "दुसरा..." आणि थांबले. सून बाळाला पाजतेय, आपण दारात उभे, जास्त काय बोलायचं, असं त्यांना वाटलं असणार. ते निघून गेले. दुकानात त्यांनी कुणालाही असं सोडलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून माझी डावी पोटरी दुखायला लागली. गोळा आल्यासारखी, पण न सुटणारी. मी म्हटलं, अवघडून बसल्यामुळे असेल. तिसऱ्या दिवशी पाय जड झाला, कातडी ताणल्यासारखी वाटायला लागली. खरं सांगू? मला कळलं होतं की हे काहीतरी वेगळं आहे. पण सांगितलं की दवाखाना, दवाखाना म्हणजे खालचा मजला, आणि बाळ कुठेतरी दुसरीकडे. म्हणून मी गाउन खाली ओढून घेतला आणि गप्प बसले. इतकी घाबरट बाई, पण जिथे घाबरायला हवं तिथेच शहाणपणा करून बसले.

दहाव्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून येताना सासूबाईंनी मला लंगडताना पकडलं. "काय गं?"

"काही नाही. पाय आखडलाय."

"मग सांगायचं नाही का! बस इथे, चांगला रगडून देते. चुटकीसरशी मोकळा होईल." बाह्या सरसावून त्या माझ्यासमोर बसल्यासुद्धा. मला बरंच वाटलं. रगडून भागलं तर भागलं, कुठे जायला नको.

बाबा कामावर निघाले होते. मी चपला खोलीच्या दाराशीच काढल्या होत्या. बूट घालता घालता त्यांची नजर तिथे गेली असावी, कारण अचानक त्यांचा आवाज आला, आणि तो मी आजवर ऐकलेला आवाज नव्हता.

"हात लावू नकोस तिला!"

सासूबाईंचे हात हवेतच राहिले. बाबा एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा अशा अवस्थेत दारात, दोन्ही हातांत माझ्या दोन चपला. उजव्या चपलेचा पट्टा पार आतपर्यंत ओढून चिकटवलेला. डावीचा बोटाच्या पेरभर, कसाबसा टेकलेला.

"हा पट्टा कधीपासून इतका सैल करतेस?"

"डावा रुंदच आहे माझा," मी फणकारले. "तुम्हीच म्हणाला होतात."

"नखभर म्हणालो होतो." ते आत आले. या खोलीत ते दार न वाजवता कधीच आले नव्हते. माझ्यासमोर खाली जमिनीवर बसले, गुडघे कटकन वाजले, आणि खिशातून कापडी टेप काढली. ती टेप सुट्टीच्या दिवशीही त्यांच्या खिशात असते. "पाच नंबर, दोन्ही पाय पुढे घे."

"अहो, काय करताय?" सासूबाई जवळजवळ ओरडल्या. "सुनेच्या पायाला हात लावताय?"

मीही पाय मागे ओढले. सासऱ्यांनी माझ्या पायाशी बसायचं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"समज मी दुकानात आहे," बाबा म्हणाले.

आधी उजवं पाऊल मोजलं, मग डावं. आकडे मोठ्याने म्हटले नाहीत. मग टेप सासूबाईंच्या हातात दिली आणि तोंड दाराकडे वळवलं. "पोटरीला धर. आवळू नकोस, नुसती टेकव. आधी उजवी."

"साडेबारा इंच."

"डावी?"

सासूबाईंनी टेप धरली, सोडली, पुन्हा धरली. "चौदा. अहो, चौदा! आणि गरम लागतंय हिला इथे. लालही दिसतंय."

बाबा पलंगाला धरून उठले. "दवाखान्यात जायचं. आत्ता."

मग मात्र मी रडले. हुंदके देऊन, लाज सोडून. "मी नाही येणार! ते मला तिच्यापासून परत तोडतील. पाय सुजतात बायकांचे, सगळ्या सांगतात. मी नाही सोडणार हिला."

"सुजतात. दोन्ही सुजतात," बाबा म्हणाले. "एकच सुजत नाही." आणि आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या तोंडाकडे बघून बोलले. "तिला घेऊनच जायचं. ती तुझ्याच खोलीत राहील, हे मी फोन करून आधी विचारून घेतो. नाही म्हणाले तर दुसरीकडे जाऊ. पण जायचं."

त्यांनी माझ्यासमोर उभं राहून फोन केला, दोनदा तेच विचारलं, आणि उत्तर मला ऐकू यावं म्हणून फोन माझ्या कानाशी धरला. टॅक्सीत ते पुढे बसले, आणि गाडी जिथे जिथे थांबली तिथे मागे वळून विचारत राहिले, "धाप लागतेय का? छातीत दुखतंय का?" मी नाही म्हणायचे. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. सासूबाई बाळाला घेऊन माझा हात घट्ट धरून होत्या, आणि त्या रागावल्या होत्या की घाबरल्या होत्या हे मला कळत नव्हतं.

पायाच्या तपासणीत निघालं ते असं की डाव्या मांडीतल्या खोल शिरेत रक्ताची गाठ झाली होती. बाळंतपणानंतर, त्यातून ऑपरेशननंतर पडून राहिलं की असं होऊ शकतं. डॉक्टरीण बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पाय रगडला नाहीत ना?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि आपले हात पदराखाली लपवले.

"बरं केलंत. गाठ सुटून फुफ्फुसात गेली असती तर काही हातात राहिलं नसतं." रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. बाळाला पाजायला हरकत नाही म्हणाल्या. आणि मुलगी माझ्याच पलंगाशेजारी पाळण्यात होती. मी उगाचच तीन दिवस पाय लपवत बसले होते. निघताना बाईंनी विचारलं, "हे कुणाच्या लक्षात आलं?"

"सासऱ्यांच्या."

"डॉक्टर आहेत?"

"नाही. बुटांच्या दुकानात असतात."

संध्याकाळी नवरा कामावरून आला आणि सासूबाईंना घरी सोडायला गेला. बाबा खुर्चीवर बसून होते, नजर पाळण्याखालच्या फरशीवर. मग बोलले, आणि या वेळी पुढे वर्तमानपत्र नव्हतं.

"बारा वर्षांपूर्वी एक बाई आली होती दुकानात. बाळ वीस दिवसांचं. एका पायाला सहा नंबर होईना, दुसऱ्याला सात सैल. मी दोन जोड्या फोडल्या, एक सहाचा आणि एक सातचा सँडल दिला. असं कुणी करत नाही. किती खूश होऊन गेली ती. मलाही फार बरं वाटलं, चांगलं काम केलं म्हणून." ते थांबले. "आठवड्याने तिचा नवरा आला. तो जोड परत करायला. घरी पाय रगडून दिला आणि धाप लागून ती गेली, म्हणाला."

मी पाळणा जवळ ओढून घेतला.

"त्या दिवशी भिंतीपाशी उभा होतो तेव्हा 'दुसरा पाय' म्हणायला हवं होतं मी. जिभेवर आलं होतं. लाजलो."

"मी लपवलं बाबा," मी म्हटलं. "तुम्ही म्हणाला असतात तरी बसतेच म्हटलं असतं."

"मी ऐकलं नसतं," ते म्हणाले.

आता मुलगी चार महिन्यांची आहे. मी रोज चालते, पाण्याची बाटली हाताशी ठेवते, डाव्या पायात घट्ट मोजा घालते आणि कंटाळले की त्याला शिव्या देते. सकाळी उठल्यावर दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघते. भीती गेलेली नाही, फक्त आता ती मी सांगते. बाबाही कामावर निघताना आधी माझ्या चपलांचे पट्टे बघतात आणि मग आपले बूट घालतात.

परवा मुलीला घेऊन दुकानात गेले होते. बाबा स्टुलावर, समोर दिवस भरत आलेली एक बाई, कपाळावर घाम, हातात पिशव्या. तिने एक बूट घातला, उभी राहिली, "बसतो. बांधून द्या काका, मला घाई आहे."

"दुसरा पाय द्या, ताई."

"अहो, बसतो म्हटलं ना!"

बाबांनी खोका बंद केला नाही. पण पुन्हा मागायचं सोडून हातातली टेप तशीच धरून ते तिच्या पायाकडे बघत राहिले. ती बाई पिशव्या उचलायला लागली.

"द्या ना हो दुसरा पाय!" मी इतक्या जोरात ओरडले की माझी मुलगी दचकून रडायला लागली. सगळं दुकान आमच्याकडे बघायला लागलं. ती बाई माझ्याकडे बघत खाली बसली, आणि तिने पाय पुढे केला.

बाबांनी माप घेतलं. मग दुसऱ्यांदा घेतलं.

"सारखे आहेत," ते म्हणाले, आणि तिथेच स्टुलावर बसून डोळे पुसले.