फरशीला मार

समोरच्या बाल्कनीत शेजाऱ्यांचा दोन वर्षांचा मुलगा धावताना स्वतःच्याच पायात पाय अडकून पडला. त्याची आई धावत आली. "कोणी पाडलं माझ्या राजाला? थांब, फरशीला हाणू या!" तिने फरशीला चापट मारली, मग त्यानेही मारली. रडू लगेच थांबलं.

घरोघरी हे असंच चालतं. मलाही असंच गप्प केलं असणार. पण पाय आपलाही चुकतो, हे या राजाला कधी कळणार? फरशी बिचारी मुकाट मार खाते. पुढे तिच्या जागी मित्र असतील, कुणाची तरी मुलगी असेल.

संध्याकाळी तो पुन्हा पडला. आई उचलायला वाकली, तेव्हा त्याने फरशीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्याच गालावर एक लगावली.

"अगं बाई, राजा रागावला!" म्हणत ती हसली आणि तिने त्या इवल्याशा हाताची पापी घेतली.