दसऱ्याला बसवायची चाकं

दिघेकाका खाली उतरले की आधी कारपार्कमध्ये माझ्या गाडीपाशी जात आणि टायरवर अंगठ्याचं नख रोवून बघत. स्वतःची गाडी नसल्यामुळे विषुववृत्ताजवळच्या बुकित बातोक या उपनगरातल्या आमच्या अख्ख्या इमारतीच्या टायरांची काळजी त्यांनी अंगावर घेतली होती. उभा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. "रबर खोटं बोलत नाही," म्हणायचे.

त्यांची एकुलती एक लेक मृणाल नोकरीसाठी कॅनडात, कॅलगरीला गेली आणि इथल्या उकाड्यात बारा महिने घामाघूम असणारे काका बर्फात चालणारे टायर निवडायला बसले. व्हिडिओ कॉलवर तिची शिकवणी चाले, मलाही शेजारी बसवत. थंडीत साधं रबर लाकडासारखं होतं, म्हणून टायर बदलायचे. चारही, पुढचे दोनच बदलले तर मागची बाजू घसरते. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा चांगल्या रिम काढून ठेवायच्या आणि हिवाळ्यापुरत्या साध्या पोलादी लावायच्या. "मीठ धातूचं काय करतं ते मला विचार." मृणाल हसायची, पण सांगितलं तसंच करायची.

चाकं तिच्या गॅरेजमध्ये येऊन पडली. ती लगेच बसवून घेणार होती. पण काकांनी दर दसऱ्याला, भर समुद्रातसुद्धा, इंजिनाला हळदकुंकू वाहिलेलं.

"दसरा आलाच की. पूजा करू, मग बसव."

"बाबा, यंदा बर्फ लवकर पडेल म्हणतायत."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन रणरणत होतं. "दसऱ्याआधी कसला बर्फ?" एरवी आकड्याशिवाय न बोलणारे काका असं म्हणाले, ते मला बरं वाटलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी मला बोलावलं. तिकडे आदली संध्याकाळ होती. मृणाल कामावरून येऊन गॅरेजमधून फोन लावणार होती. ताटात झेंडू, हळदकुंकू, नारळ. दुपारपासून बर्फ पडतोय, निघतेय, एवढाच तिचा मेसेज आलेला. काकूंनी निरांजनात पुन्हा तूप घातलं. काका फोनकडे न बघता अंगठ्याचं नख चोळत होते. शेवटी फोन वाजला तेव्हा नंबर अनोळखी होता.

घराजवळच्या उतारावर गाडी घसरून ट्रकखाली गेली होती. मृणाल जागीच गेली.

कॅलगरीहून परतल्यावर कितीतरी दिवस काका खाली आले नाहीत. मग एकदा कारपार्कमध्ये दिसले. टायरला हात न लावता, लांबूनच म्हणाले, "झिजलेत तुझे. आजच बदल."

शनिवारी बदलतो, असं मी सहज बोलून गेलो.

काकांनी माझा दंड घट्ट धरला. "मीच तिला थांब म्हणालो रे," ते म्हणाले, आणि मी गाडी बाहेर काढेपर्यंत तिथून हलले नाहीत.