कांजिण्या, हेडफोन आणि सासूबाई

घरून काम करणाऱ्या बाईकडे किस्से कसे जमतात, तर धुवायचे कपडे जमतात तसे. आज बघू, उद्या बघू म्हणेपर्यंत ढीग होतो. माझा ढीग एकाच महिन्यातला आहे.

पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीत मी फोनवर तक्रारी ऐकते, बिरवाडीतल्या घरातून. कंपनीने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं, तेव्हा मी सरांच्या हातापाया पडून घरूनच काम करायला एक महिना मागून घेतला. "महिनाभर बघतो, मग ठरवू," सर म्हणाले. रोज घाट चढून पुण्याला जाणं काही जमणारं नव्हतं. सर 'नाही' म्हणाले की नोकरी संपली. आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या सहा वर्षांच्या रेवाला कांजिण्या आल्या!

*

नवरा एमआयडीसीत शिफ्टला, म्हणून पोलादपूरच्या वरच्या वाडीतून सासूबाई आल्या. डॉक्टरांचं औषध चालू होतंच, पण आईंनी आपला नियम सांगितला. "देवी आल्यात घरात. मोठ्यानं बोलायचं नाय."

माझं तर कामच बोलण्याचं. दुपारी नागपूरचे एक गृहस्थ फोनवर कडाडले. मी हळूच "सांगा ना" म्हटलं. त्यांचा आवाज थोडा उतरला. मी आणखी हळू बोलले. शेवटी तेही कुजबुजायला लागले.

"ताई, घरी कुणी आजारी आहे का?"

"मुलगी."

"मग राहू द्या. फिल्टर कुठे पळून जातोय."

त्या आठवड्यात ग्राहकांनी मला सगळ्यात जास्त स्टार दिले.

*

रेवाला रोज पाठीवरचे फोड मोजून हवे असायचे. एकदा मिटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून मी मोजत बसले होते. सरांनी विचारलं, "किती तक्रारी शिल्लक?"

"बत्तीस," मी म्हटलं. "पण खपल्या धरायला लागल्यात."

पुण्यात कुणीतरी तेही लिहून घेतलं.

*

रेवा दिवसभर माझं बोलणं ऐकत पडलेली. आई औषधाचा चमचा घेऊन आल्या की ती डोळे मिटून म्हणायची, "आपली तक्रार नोंदवली आहे. कृपया प्रतीक्षा करा."

आई घाबरून माझ्याकडे आल्या. "ताप डोक्यात गेला काय गो हिच्या?"

*

एक दिवस मात्र ताप खरंच उतरेना. एका कानाला हेडफोन, एक हात रेवाच्या कपाळावर, आणि पलीकडे एक बाई फिल्टरच्या तोटीबद्दल सांगत होत्या. मला रडूच आलं. आईंनी माझा हात उचलून बाजूला केला आणि आपला ठेवला. "तू तुझं काम कर गो. मी हाय ना." संध्याकाळी ताप उतरला. सासू म्हणून मी त्यांच्याबद्दल पूर्वी जे काही बोलले असेन, ते मी मागे घेते.

*

महिन्याचा शेवटचा शुक्रवार. निकालाची मिटिंग. स्क्रीनवर सर आले ते केस विस्कटलेले, चेहरा पडलेला.

"तुमचं बघूच," सर म्हणाले. "आधी एक सांगा. आमच्या मुलाला कालपासून कांजिण्या आल्यात. मिसेस बाहेरगावी आहेत. सारखा खाजवतोय. तुम्ही काय केलंत?"

मी लॅपटॉप आईंकडे फिरवला. आईंनी पदर सारखा केला.

"नखं काप आधी त्याची. सुती कपडे घाल. आणि तुला येऊन गेल्यात काय रे लहानपणी?"

"नाही," सर म्हणाले.

"मग तू पण हापिसात नको जाऊ. दुसऱ्यांना देशील. पंधरा दिवस पोराजवळ बस."

"अहो, पण माझं काम..."

"काम काय, घरून पण होतंय. माझी सून करते, बघतोयस ना?"

सरांनी मागे वळून मुलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो, आई."

"झाली गो तुझी मिटिंग," असं म्हणत आईंनी लॅपटॉपचं झाकण लावलं.