मधल्या स्पीकरचे कव्हर

आमच्या घरात रिमोटलाही कव्हर आहे. नियम माझा आहे.

माझी पत्नी कमल हिला अलीकडे कमी ऐकू येते. तिच्या वाढदिवसासाठी नागपूरहून आमच्या नातीने, मुक्ताने, स्वतः म्हटलेले एक गाणे चित्रित करून पाठवले. ते तिला लहानपणी कमलनेच शिकवले होते. टीव्हीचा आवाज अपुरा, म्हणून मी निर्णय दिला : आधी होम थिएटर, मग गाणे.

नव्या संचाची किंमत ऐकून मी बालाघाटच्या दुकानातून चहा न घेताच परतलो. अखेर अॅम्प्लिफायर आणि वूफर सामाईक भिंतीपलीकडच्या बिसेनांचे जुने, दोन स्पीकर मंडपवाल्याने टाकून दिलेले, आणि फक्त मधला स्पीकर नवा. माणसाचा आवाज त्यातूनच येतो, असे दुकानदाराने बजावले होते. सर्वांत महत्त्वाची वस्तू, म्हणून तिला सर्वांत जाड कव्हर : जुन्या रजईचे. (आतले पॉलिथिनही मी काढू दिले नाही.)

"अहो, मंग आवाज कोठून निघन याचा?" कमलने शिवता शिवता विचारले.

"निघेल. धूळ मात्र जाणार नाही."

वाढदिवशी बिसेनही आले. मी पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर मुक्ताचे ओठ हलू लागले. ऐकू काहीच येईना. मग एकदम तबला.

"पोरगी मुकी झाली का?" कमल म्हणाली.

मी आवाज वाढवला. स्वयंपाकघरातली पातेली फळीवरून उतरली. बिसेनांनी कपबशी दोन्ही हातांनी धरली.

"भाईसाहब, ये दीवार आधी मेरी भी है."

मी आणखी वाढवला. भिंतीवरचे माझे निवृत्तीचे सन्मानपत्र खाली आले.

कमल उठली, पडद्याजवळ गेली आणि नातीचे ओठ पाहत स्वतःच ते गाणे हळू म्हणू लागली.

बिसेनांनी न विचारता रजई ओढली, पॉलिथिन फाडले आणि चित्रफीत पुन्हा सुरुवातीपासून लावली. मुक्ता स्वच्छ आवाजात म्हणाली,

"आजोबा, तुम्ही कव्हर घातलंच असन, पहले ते काढा. मंग आजीले गाणं ऐकवा."

"हौ बाई, काढलं," कमल पडद्याला म्हणाली आणि डोळे पुसत खाली बसली.

सूचना वेळेत आली होती. मीच ती रजईत गुंडाळून ठेवली होती.