ताडपत्रीतला एसी
एसीचा फिल्टर नळाखाली धरला, की ओल्या धुळीच्या वासाने आखातातल्या अल नहदा वस्तीतला पहिला उन्हाळा आठवतो. बाबांनी उमेदीची वर्षं इथल्याच जबल अलीच्या कामगार कॅम्पात काढली, आईने आणि मी गावी. घरातला पहिला पदवीधर मी. इथे नोकरी लागताच फ्लॅट घेऊन दोघांना आणलं. मार्चमध्ये एसी चालू केला, तर गरम वारा. “असंच असेल तर मी आपली गावी जाते,” आई म्हणाली. बाबा हसले, “यल्ला, चला इंजिनिअर, दाखवा काय शिकलात.” फिल्टर धुतला, तरी तेच. बाल्कनीत पाहिलं, तर बाहेरचं युनिट ताडपत्रीत करकचून बांधलेलं. “धूळ बसते रे, पावसाआधी लाकडं झाकतो तसं झाकलं,” आई म्हणाली. मी गाठी सोडल्या, युनिटची कोंडलेली गरम हवा बाहेर पडू लागली आणि खोली गारेगार झाली. आई राहिली. त्या वर्षी आम्ही तिघांनी पहिल्यांदा अख्खा उन्हाळा एका घरात काढला, आणि आजही काढतो.